तुमच्या 'टेस्टेड' नोझलमुळे ट्रॅक्टर मिसिंग मारतोय, त्याबद्दल तक्रार

मॅनेजर साहेब,

बिल, तुमची टेस्ट स्लिप आणि दोन व्हिडिओ सोबत जोडलेत, आधी ते नीट बघा आणि मगच उत्तर द्या. कारण मागच्या वेळी फोनवर जे उत्तर मिळालं, "ट्रॅक्टर जुना आहे, इंजिनचं काम करून घ्या", ते ऐकून डोकंच फिरलं.

मी मनोरीला राहतो. आमच्याकडे वडिलांच्या वेळचा तीन सिलिंडरचा डिझेल ट्रॅक्टर आहे, पावसाळ्यात भाताची चिखलणी आणि नंतर थोडीफार भाजी, एवढंच काम त्याला. काउंटरवरच्या मुलाने हसत विचारलं होतं की मुंबईत कसला ट्रॅक्टर, तर त्याला सांगा की महापालिकेच्या हद्दीतच अजून शेती होते, मालाडहून बस पकडायची, मार्व्याहून बोट, की आलंच आमचं गाव. ट्रॅक्टर काही बोटीत घालता येत नाही आणि रस्त्याने आणायचा तर उत्तन, भाईंदर करून वळसा मारावा लागतो, म्हणून नोझल, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे पार्ट, काढून पिशवीतनं तुमच्याकडे आणून दिले होते. डिझेलच्या वासाने बसमध्ये लोक माझ्याकडे कसे बघत होते ते जाऊद्या.

तुम्ही तिन्ही नोझल बदलून रीकंडिशन सेट दिलात, पैसे पूर्ण घेतले, बिलावर सहा महिन्यांची वॉरंटी छापलेली आहे. लावल्यावर सेल्फ मारला तर चालू झाला पण मिसिंग मारतोय, म्हणजे सगळे सिलिंडर नीट पेटत नाहीत, आयडलिंगला (रेस न देता) नुसता थरथरतोय, स्टिअरिंग हातात नाचतंय, सायलेन्सरमधनं पांढरा धूर आणि तोही असला की डोळ्यात झोंबतो. पांढरा धूर म्हणजे डिझेल जळतच नाहीये, कच्चं बाहेर पडतंय, हे आमच्याकडे पोरांनाही कळतं.

तरी लगेच तुमच्यावर ढकललं नाही. आधी वाटलं डिझेलच्या लाईनने हवा धरली असेल, नोझल काढले घातले की धरतेच, म्हणून फिल्टरच्या वरचा बोल्ट ढिला करून हँड प्रायमर मारत बसलो, फेस येणं बंद होऊन साफ डिझेल यायला लागेपर्यंत. दोन्ही डिझेल फिल्टर नवीन टाकले. टाकीच्या तळाचं डिझेल काढून बाटलीत ठेवून पाहिलं, पाणी नाही. डिझेल पाईपच्या जोडावरच्या बांजो बोल्टचे तांब्याचे वॉशर बदलले, नोझलखालचे पण, जे खरं म्हणजे तुम्ही सेटसोबत द्यायला हवे होते आणि दिले नाहीत. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, चेक केली, गॅप बरोबर. मिसिंग जसंच्या तसं.

मग आमच्या मेकॅनिकने इंजिन आयडलला ठेवून एकेका नोझलच्या पाईपचा नट पान्याने जरासा ढिला केला, म्हणजे त्या सिलिंडरचं डिझेल तुटतं, तोंड आणि हात लांब ठेवून, कारण त्या प्रेशरचं डिझेल कातडीत घुसतं. एक नंबर ढिला केला तर इंजिन बसायला लागलं, तीनचा केला तरी तेच, आणि दोनचा केला तर काहीच फरक नाही. म्हणजे दोन नंबर आधीच मेलेला. खात्री करायला इंजिन थंड झाल्यावर परत चालू करून एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (सिलिंडरमधला धूर जिथनं बाहेर पडतो) पाणी शिंपडलं, एक आणि तीनच्या तोंडाशी चर्र करून उडालं, दोनच्या तोंडाशी थेंब तसाच बसून राहिला, म्हणजे ते तापलंच नव्हतं. व्हिडिओत हे दिसतंय, आवाज मोठा करून बघा.

आता तुमचा मुद्दा, की इंजिनचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गेलं असेल. बरं. म्हणून दोन नंबरचा नोझल एक नंबरला लावला आणि एकचा दोनला, बाकी कशालाही हात लावला नाही. झालं काय, तर दोन नंबर सिलिंडर मस्त मारायला लागला आणि मिसिंग एक नंबरवर गेलं. सिलिंडर तोच, व्हॉल्व्ह तेच, पंपाची लाईन तीच, फक्त नोझल हलला आणि त्याच्यासोबत बिघाड हलला. कॉम्प्रेशन गेलेलं असतं तर ते नोझलच्या मागे मागे फिरलं असतं का? तुमच्या वर्कशॉपमधल्या कुठल्याही जाणत्या माणसाला विचारा.

शेवटी बोरिवलीला एका पंपवाल्याकडे तिन्ही नोझल टेस्टरवर, म्हणजे दाब देऊन फवारा बघायच्या मशीनवर, लावून घेतले. त्यातल्या दोघांचा फवारा बारीक, धुक्यासारखा, आणि त्या बिघडलेल्यातनं नुसती धार, दांडा पूर्ण दाबायच्या आधीच टोकाला डिझेल जमून ठिबकतंय. तो सुटतोही बाकी दोघांपेक्षा बऱ्याच कमी प्रेशरला. आम्ही तो खोललेला नाही, तुमचा पिवळ्या पेंटचा मार्क नटावर तसाच आहे, फोटो काढून ठेवलाय.

आणि तुमची ती टेस्ट स्लिप. तीवर चार नोझलचे आकडे लिहिलेत, चारही अगदी सारखे, आणि खाली "ओके" चा शिक्का. साहेब, ट्रॅक्टर तीन सिलिंडरचा आहे, नोझल तीन दिले होते, तीनच परत मिळाले, मग हा चौथा कुणाचा टेस्ट केलात? माझं म्हणणं एवढंच आहे की माझे नोझल टेस्टरवर चढलेच नाहीत, कुठलीतरी तयार स्लिप पिशवीत टाकून दिली. खराब पार्ट कुणाचाही निघू शकतो, त्याचा एवढा राग नाही, पण न तपासता तपासला म्हणून पैसे घेतले आणि वर माझ्या इंजिनवर खापर फोडलं, हे चालणार नाही.

मला तो एक नोझल बदलून हवाय, माझ्यासमोर टेस्टरवर लावून, फवारा मी स्वतः बघणार. बोरिवलीच्या टेस्टिंगचं आणि मेकॅनिकचं बिल तुम्ही द्यायचं, दोन्ही बिलं जोडलीत. चार आकड्यांच्या स्लिपचा खुलासा लेखी पाहिजे, फोनवर नको.

पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार टाकतो आणि पुढे बांद्र्याच्या जिल्हा आयोगात जातो. २०१९ च्या कायद्याने मी राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी पण लागत नाही, त्यामुळे मला काही जड नाही. जूनमध्ये पाऊस पडला की चिखलणीला ट्रॅक्टर लागणार, तेव्हा जे काय करायचं ते त्याच्या आधी करा. येण्याआधी फोन करतो, त्या दिवशी टेस्टर चालू ठेवा.

तुमचा ग्राहक,
मनोरी, मालाड पश्चिम