जोडलेली मोटर काढल्यावर

मा. संपादक, स. न. वि. वि.

जुन्या लेथला (धातूचा तुकडा फिरवून कापणाऱ्या यंत्राला) मोटर आणि संगणकाची जोड देण्याविषयीचा आपल्या कालच्या अंकातील लेख वाचला. लहान वर्कशॉपवाल्यांची दखल घेतल्याबद्दल आभार. मात्र ‘हवे तेव्हा जोडा, नको तेव्हा काढून ठेवा’ हे ज्या सहजतेने लिहिले आहे, ते पाहता लेखकाने आजवर फक्त मोबाइलचा चार्जरच जोडला आणि काढला असावा, अशी शंका येते.

अंबडमधील माझ्या गाळ्यातल्या लेथला दोन वर्षांपूर्वी मी अशीच जोडणी करून घेतली. क्रॉस स्लाइडच्या, म्हणजे टूल आडवे पुढे-मागे नेणाऱ्या भागाच्या, जुन्या स्क्रूला पाव फेऱ्याचा प्ले (ढिलेपणा) होता. टर्नर, म्हणजे लेथ चालवणारा कारागीर, हँडल थोडे जास्त मागे घेऊन पुन्हा एकाच बाजूने पुढे आणतो आणि तो प्ले सांभाळून घेतो. मोटरला ही हातोटी नाही, तेव्हा गोळ्यांवर फिरणारा बॉल स्क्रू घालावा लागेल, असे जोडणीवाल्याने सांगितले. ते बरोबरच होते. एकसारखे बुश शंभराच्या लॉटने निघू लागले, आणि मीही लेखकाइतकाच खूश झालो.

मग एक दिवस दुरुस्तीचा एकच शाफ्ट आला. त्यासाठी प्रोग्रॅम कोण लिहीत बसणार, म्हणून मोटरचा पट्टा उतरवला आणि हाताने काप घेतला. शाफ्टच्या टोकाला आधार देणाऱ्या टेलस्टॉककडे व्यास बरोबर 40 मि.मी., शाफ्ट पकडणाऱ्या चकजवळ 40.20! टूलला दोनदा धार लावली, टेलस्टॉकचे सेंटर तपासले. शेवटी सॅडल (टूल शाफ्टच्या लांबीने नेणारा भाग) चालू असताना क्रॉस स्लाइडच्या डायलवर नजर ठेवली, तेव्हा ती हात न लावता हळूहळू उलटी सरकत असल्याचे दिसले. जुन्या स्क्रूच्या आट्यांत घर्षणच एवढे असते की कापाच्या जोराने तो मागे फिरत नाही; बॉल स्क्रू गोळ्यांवर मोकळा फिरतो आणि त्याला धरून ठेवते ती चालू मोटर. ती सोडवली की धरणारे कोणी उरत नाही. माप जास्तच भरल्यामुळे शाफ्ट वाचला, पण माझा अर्धा दिवस गेला. आता स्लाइडला बाजूने एक लॉकिंग स्क्रू बसवला आहे. हातकामाच्या वेळी तो आवळतो. एवढी एक ओळ जोडणीवाल्याने सांगायला हवी होती आणि आपल्या लेखात यायला हवी होती.

लेखातल्या ‘0.025 मि.मी. अचूकता’ या दाव्याबद्दलही थोडे. 5 मि.मी. पिचच्या (एका फेऱ्यात तेवढे सरकवणाऱ्या) स्क्रूला 200 स्टेपची, म्हणजे 200 टप्प्यांत एक फेरा घेणारी, मोटर थेट जोडली, तर एका पूर्ण स्टेपला टूल 0.025 मि.मी. सरकते खरे; पण लेथवर व्यास त्याच्या दुप्पट बदलतो, हे आमच्याकडे नव्याने लागलेल्या हेल्परलाही पहिल्या आठवड्यात शिकवावे लागते.

जाता जाता, लेखासोबतचे छायाचित्र लेथचे नसून मिलिंग मशीनचे होते. सातपूर किंवा अंबडमधील कोणत्याही गल्लीत शिरले तरी दोन-चार गाळ्यांत लेथ सापडतो. आपल्या छायाचित्रकारांना वेळ असेल तर त्यांना माझ्याकडे पाठवावे, चहाही मिळेल.

कळावे,
एक वर्कशॉपवाला, अंबड, नाशिक