मावशी, तुमचा चहा दरवेळी गार व्हायचा

प्रिय मावशी,

नाव लिहिलंस तर पुन्हा तुझ्या घरची पायरी चढणार नाही, असा दम तुम्ही भरलाय, म्हणून नाव लिहीत नाही. पण पत्र मात्र जाहीरच लिहिणार. तुमचा नातू तुम्हाला मोबाइलवर वाचून दाखवेल, आणि ज्यांनी वाचायला हवं ते आपोआप वाचतीलच.

मामांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, जाऊन महिना झाला तेव्हाच्या मिस्सेनंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) चर्चच्या मंडळातल्या एका वडीलधाऱ्यांनी चार शब्द बोलताना सांगितलं, की या कुटुंबाच्या पडत्या काळात सगळा समाज त्यांच्या पाठीशी उभा होता. मी वळून तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही मागच्या बाकावर कुणाच्या तरी लेकराचं नाक पुसत होतात. तुम्हाला त्या वाक्याचं काही वाटलं नसेल, माझ्या घशाखाली ते अजून उतरलेलं नाही. उभे होते हे अगदी खरं. दारात उभे राहिले, खाटेच्या उशाशी उभं राहून फोटो काढले, उभ्या उभ्या प्रार्थना म्हटली. बसलं कुणी नाही.

सासऱ्यांना लकवा झाला तेव्हा घरात काय उलथापालथ झाली, ते इथे उगाळत नाही. उजवी बाजू गेली, वाचा गेली, आणि ज्या माणसानं सायकलवर गावोगाव फिरून पोरांना ‘नमो मरिया’ शिकवलं होतं, त्याला पाणी हवं हे डोळ्यांनी सांगायची पाळी आली. नवऱ्याची वाळूजला पाळ्यांची नोकरी, माझी शाळा, दोन पोरं. त्यात आमच्या संभाजीनगरचं पाणी! पन्नासेक किलोमीटरवर जायकवाडीचा एवढा मोठा नाथसागर, आणि आमच्या नळाला पाणी कधी येईल ते परमेश्वरालाच ठाऊक. आलं की ते नेमकं रविवारी सकाळी, मिस्सेच्या वेळेला. घरात पडून असलेलं माणूस, रोजच्या धुवायच्या चादरी, आणि रिकामे ड्रम. मी चर्चला जाऊ शकत नव्हते. गेले नाही.

त्यावर मंडळाच्या बायका घरी आल्या. जपमाळेची प्रार्थना झाली, फराळ झाला, आणि निघताना एकीनं माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, “रविवार चुकवून घरात बरकत कशी राहील गं? हे सगळं प्रभूला अर्पण कर.” मी मान हलवली. मागं सात कपबशा राहिल्या. पाणी किती जपून वापरतो हे त्यांनाही माहीत होतं, त्याही याच शहरात राहतात. दुसरे एक जण तर मामांची शुद्ध आहे हे ठाऊक असून त्यांच्यासमोरच विचारून गेले, की घरात कुणाचं जुनं पाप तर राहिलेलं नाही ना. या लोकांनी पवित्रतेचा नुसता हजेरीपट करून टाकलाय, आणि खडू स्वतःच्या हातात ठेवलाय.

नंतर मी मुद्दाम आपल्या कॅथलिक चर्चचा धर्मशिक्षणाचा ग्रंथ काढून पाहिला. 2181व्या परिच्छेदात स्वच्छ लिहिलंय, की रविवारच्या मिस्सेचं बंधन आहे, पण आजारपण किंवा तान्ह्या लेकराची देखभाल अशा गंभीर कारणानं ते सुटतं. हे मला फादरांनी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. नाही सांगितलं. मावशी, तुम्हाला परिच्छेद-बिरिच्छेद काही माहीत नव्हतं. तुम्ही एवढंच म्हणालात, “काय रडायलीस? हितं ह्यो देवच पडलाय न्हवं खाटंवर? त्याला सोडून कुठं देव बघायला जातीस?”

आणि मग तुम्ही येतच राहिलात. पहाटे भाजीचा लिलाव, मग बाजारात बसणं, आणि दुपारी माल संपला की टोपली आमच्या जिन्याखाली ठेवून वर. मामांची कूस बदलायची, पाठ पुसून पावडर लावायची, त्यांच्याशी घोगरगावाकडच्या जुन्या माणसांच्या गप्पा मारायच्या. गप्पा म्हणजे तुम्ही बोलायचं आणि त्यांनी डोळे मिटायचे-उघडायचे. पण ते हसायचे. डाव्या बाजूनं का होईना, हसायचे.

मला जे सांगायचंय ते मात्र चहाचं आहे. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटे हुडहुडी भरते, आणि तुमचे हात दिवसभर ओल्या मेथी-पालकात. तुम्ही आलात की मी स्टीलच्या पेल्यात चहा द्यायची. तुम्ही तो प्यायचा नाहीत. दोन्ही तळव्यांत पेला धरून बसायचात, मग तो फिरवायचात, बोटांच्या पेरांना लावायचात, हाताची मागची बाजूही शेकायचात. हात ऊन झाले की पेला खाली ठेवायचा, पदराला हात पुसायचे, आणि मग मामांच्या पाठीला हात लावायचा. सगळं आवरेपर्यंत चहावर साय धरलेली असायची. ती बोटानं बाजूला सारून तुम्ही तो गार चहा एका दमात संपवायचात. गरम करून देते म्हटलं की म्हणायचात, “गॅस कशाला जाळतीस?” मला बरेच दिवस वाटायचं, तुम्हाला चहा गारच आवडतो. एकदा विचारलं तेव्हा कळलं. “गार हात लागला की म्हातारं माणूस दचकतंय बघ. बोलता येत न्हाई त्याला. सांगंल कसं?”

मावशी, मी चर्चच्या शाळेत शिकले, कितीतरी प्रवचनं ऐकली, तमिळनाडूत वेळांकण्णीच्या यात्रेला जाऊन आले. पण स्वतःची सगळी माणसं असताना, आमचा हात गार लागतो हे मामांना आमच्यापैकी कुणाला सांगता आलं नाही, आणि तुम्हाला ते न सांगता कळलं.

आपल्या औरंगाबाद धर्मप्रांताचं कॅथेड्रल, म्हणजे मुख्य चर्च, ज्यांच्या नावाचं आहे, ते संत फ्रान्सिस डी सेल्स तुम्हाला तसबिरीतले दाढीवाले बिशप म्हणून माहीत आहेत. घोगरगावाकडं ज्यांनी मिशन उभं केलं ते फादर त्यांच्याच नावाच्या संघाचे, 1838 साली आजच्या फ्रान्समध्ये स्थापन झालेल्या. या बिशपांनी एका संसारी बाईला भक्तीबद्दल पत्रं लिहिली होती, त्यांतून पुढं 1609 मध्ये एक पुस्तक झालं. त्यांचं म्हणणं असं, की बिशपानं गुहेत बसलेल्या तपस्व्यासारखं राहू नये, आणि कारागिरानं दिवसभर देवळात बसून राहू नये. ज्याची जशी जागा, तशी त्याची भक्ती. सैनिकाच्या छावणीतून, कारागिराच्या दुकानातून, लग्न झालेल्यांच्या घरातून भक्ती हाकलून लावणं म्हणजे पाखंड, इतक्या कडक शब्दांत ते बोलले. चारशे वर्षांपूर्वी! आमच्या मंडळात दर 24 जानेवारीला त्यांचा सण धुमधडाक्यात होतो, जेवणं उठतात. ते काय म्हणाले होते ते मात्र कुणी वाचून दाखवत नाही.

आणि आपल्याला तरी हे नवीन का वाटावं? गंगाखेडची जनाबाई जात्याशी, तेरचे गोरोबाकाका चिखल तुडवताना, पैठणचे नाथ बायकापोरांत. हा मराठवाड्याचा मुलूखच घरातल्या, धंद्यातल्या संतांचा. आपण येशूचे म्हणून ही माणसं परकी होत नाहीत. मामा तर शिकवताना कायम नाथांचा दाखला द्यायचे, आणि त्यावरूनही काहींनी नाकं मुरडलीच होती.

2018 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी पवित्रतेवर एक पत्र काढलं. त्यात शेजारच्या दारात राहणाऱ्या संतांबद्दल लिहिलंय, आणि उदाहरण दिलंय ते बाजाराला गेलेल्या एका बाईचं. शेजारीण भेटते, कुचाळक्या सुरू होतात, आणि ही मनाशी म्हणते, मी कुणाचं वाईट बोलणार नाही. पुढं घरी आल्यावर दमलेली असूनही पोराचं ऐकत बसते. ते वाचताना मला तुमचीच आठवण आली, कारण मंडळावर मी तोंडसुख घ्यायला लागले की तुम्ही मला गप्प करायचात. “त्यांचीबी काय अडचण असंल.” ही तुमची विद्या काही माझ्या अंगी उतरलेली नाही, हे पत्र ऐकताना तुमच्या लक्षात आलंच असेल. काही गोष्टी बोलायलाच हव्यात असं माझं मत अजूनही आहे.

तुमच्याबरोबर आणखी काही जणांचेही आभार मानते. खालच्या मजल्यावरचे शिलाईकाम करणारे चाचा, ज्यांनी आपल्या टाकीतून आम्हाला दोन-दोन घागरी दिल्या आणि रमजानच्या दिवसांतही मामांना दवाखान्यात न्यायला खुर्चीचा एक पाय धरला. तो रिक्षावाला, जो गतिरोधक आला की आधी “दादा, सांभाळा” म्हणायचा. मामांना सांभाळता येणार नव्हतं हे त्याला दिसत होतं, तरी तो त्यांनाच सांगायचा, मला नाही. औषधाच्या दुकानातला पोरगा, जो उरलेल्या नळ्या कुरकुर न करता परत घ्यायचा. भली माणसं पुष्कळ आहेत. ती बोलत नाहीत, त्यामुळे मोजदादीत येत नाहीत, एवढंच.

पैशांचं पाकीट तुम्ही परत केलंत. साडी दिली ती सुनेला देऊन टाकलीत. मग मी असं ठरवलंय: तुम्हाला सकाळची मिस्सा आवडते, पण रविवारचा बाजार सोडता येत नाही म्हणून तुम्ही शनिवारी संध्याकाळी जाता, गुडघे धरत, दमून. आता मला रविवार मोकळा आहे. मी शनिवारी संध्याकाळी जाऊन येईन, आणि रविवारी सकाळी तुमच्या जागेवर पोतं अंथरून मी बसेन. तुम्ही सावकाश जा, फादरांचं प्रवचन लांबलं तरी घाई करू नका. फक्त कोथिंबिरीची जुडी शेवटी किती खाली द्यायची, ते आधी सांगून ठेवा. मला घासाघीस करता येत नाही, आणि आमच्या मंडळाच्या बायका त्यात फार तरबेज आहेत.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची मास्तरीणबाई