कपातीसाठी मूल्यमापनाची ढाल नको

वार्षिक मूल्यमापनाचे दिवस जवळ आले की कार्यालयांतील वातावरण पालटते. एरवी मोकळेपणाने अडचणी मांडणारी माणसे गप्प होतात, अंगात ताप असतानाही रजा मागायला कचरतात आणि वरिष्ठांनी अचानक बोलावले की त्यांच्या पोटात गोळा येतो. नोकरकपातीची कुजबुज सुरू असेल, तर विचारायलाच नको.

कर्मचाऱ्यांना ठरावीक टक्केवारीच्या गटांत बसवण्याची पद्धत ही भीती वाढवते. कारण सगळा चमू उत्तम काम करत असला, तरी कुणाला तरी तळाच्या गटात ढकलावेच लागते आणि कपातीच्या यादीत मग त्याचेच नाव आधी येते. जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीत तिचे प्रमुख जॅक वेल्श यांच्या कारकिर्दीत ही पद्धत गाजली. मायक्रोसॉफ्टने मात्र सांघिक कामावर भर देत २०१३ मध्ये ती सोडून दिली.

कपात टाळणे दर वेळी व्यवस्थापनाच्या हाती नसते, हे मान्य. परंतु धंदा मंदावल्यामुळे माणसे कमी करायची असतील, तर तसे स्पष्ट सांगावे. आदल्या वर्षापर्यंत ज्याचे कौतुक केले, त्याच्यावर अकार्यक्षमतेचा शिक्का मारणे सर्वस्वी अन्यायाचे आहे, कारण पुढची नोकरी शोधताना तो शिक्का त्यालाच आड येतो. मूल्यमापनाचे निकष वर्षाच्या सुरुवातीलाच लेखी मिळावेत आणि कमी गुण मिळालेल्याला, निर्णय देणाऱ्या वरिष्ठाखेरीज अन्य कुणाकडे तरी दाद मागता यावी.

— एक नोकरदार वाचक