आण्णा, तुम्ही विंगेत बसा

कोल्हापूर,
१२ फेब्रुवारी

ती. आई आणि ती. आण्णा यांना शि. सा. नमस्कार.

आई, हे पत्र चष्मा लावून तूच आण्णांना वाचून दाखव. त्यांच्या उजव्या बाजूला बस, त्या कानानं त्यांना जरा बरं ऐकू येतं. फोनवर बोलायला गेलं की ते "हां, हां" म्हणतात आणि फोन तुझ्या हातात देतात. मग मला जे सांगायचं असतं ते राहूनच जातं. या वेळी तसं व्हायला नको, म्हणून कागद घेऊन बसलोय.

विद्यापीठात आमच्या संगीत आणि नाट्यशास्त्र विभागाच्या वर्षअखेरच्या तीन संध्याकाळी या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आहेत. पहिल्या दिवशी गाणं, दुसऱ्या दिवशी नाटक, तिसऱ्या दिवशी नाच. तिन्ही दिवस साथीला मी आहे. गेल्या महिन्यात मी तुम्हाला बोलावलं तेव्हा आण्णा मागनं म्हणाले, "ऐकू येत नाही तर जाऊन काय करायचं? नुसते हात हलताना बघायचे?" फोन चालूच होता, आई. मी ते ऐकलं. तेव्हापासून ते मनातनं जात नाही.

दिवाळीच्या आधी युवा महोत्सव झाला, तेव्हापासून हाताला उसंत नाही. कोल्हापूर, सांगली, सातारा तिन्ही जिल्ह्यांतल्या कॉलेजांची पोरं उतरतात त्यात. लोकवाद्यवृंदाच्या आधी स्टेजमागं जाऊन बघण्यासारखं असतं. कुणी संबळ आवळतंय, कुणी चौंडक्याची तार पिळतंय, आणि चार पोरं कागद पेटवून त्यावर हलगी शेकत उभी. आजऱ्याकडच्या एका पोरानं शेकलेली हलगी माझ्या कानाजवळ धरून बोटानं टिचकी मारली आणि विचारलं, "सर, आली का?" आली होती. त्याला कुणी शिकवलं म्हणून विचारलं तर म्हणाला, आज्जानं. मला तुमची आठवण झाली, आण्णा.

आता गाण्याच्या संध्याकाळचं सांगतो. मुली पेटीच्या काळी चार-पाचच्या पट्टीत गातात, मुलं काळी एक-दोनच्या. एका तबल्यावर भागत नाही, म्हणून मी तीन तबले लावून ठेवतो, आणि ओल्या-कोरड्या हवेमुळं तिन्हींवर लक्ष ठेवावं लागतं. सागरमाळावर सकाळी गारठा, दुपारी ऊन, सहाला परत गार वारा. दुपारी लावलेला तबला संध्याकाळी सुरात राहील याची खात्री नाही. हातोडी खिशातच असते.

इथं बरीच पोरं जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी शिकतात. ते साहजिकच आहे, ते घराणं उभं करणारे अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी इथंच होते. त्या गायकीत तबल्यानं मिरवायचं नसतं. तीनतालाच्या सोळा मात्रा सरळ, भरीव, एकसारख्या द्यायच्या. गाणारा त्या मात्रांच्या मधल्या फटींतनं फिरतो, आणि आपण जरा जरी हललो तर त्याची वाट चुकते. सुरुवातीला मला हे कमीपणाचं वाटायचं. आता नाही वाटत. एखादी मुलगी लांबलचक आलाप घेऊन डोळे मिटून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येते, आणि सम तिथंच असते जिथं तिनं धरलेली असते. ती तिथं ठेवायचं काम माझं.

तुम्हाला आठवतंय का, पंधरा-सोळा वर्षांपूर्वी तुम्ही माझा पहिला मोठा कार्यक्रम ऐकायला आला होता? निवेदकानं गाणाऱ्यांची, पाहुण्यांची, हार देणाऱ्यांचीसुद्धा नावं घेतली, माझं आणि पेटीवाल्याचं नाव राहिलं. मला फार लागलं होतं. परत येताना स्टँडवर चहा घेतला, तुम्ही काहीच बोलला नाहीत. मला वाटलं, तुम्हालाही लागलंय. गाडीत चढताना मात्र एवढंच म्हणालात, "डग्गा उतरला होता रे दुसऱ्या गाण्याला." मला राग आला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग ऐकलं, तर खरंच सुरातनं उतरला होता. तीनशे माणसांत माझा डग्गा ऐकणारे तुम्ही एकटे होता.

पहिल्या संध्याकाळचा शेवट नाट्यपदांनी आहे. गोविंदराव टेंबे आपल्या कोल्हापूरचे. भास्करबुवा बखल्यांच्या गाण्याला पेटीची साथ करणारा हा माणूस, त्यानं 'मानापमाना'च्या पदांना चाली दिल्या. त्या १९११ पासून अजून गातायत लोक. साथीला बसणाऱ्याचं लक्ष किती खोलवर असतं हे पोरांना सांगायचं झालं की मी टेंब्यांचं नाव घेतो. तेच नाटक केशवराव भोसले आणि बालगंधर्व या दोघा गायक-नटांनी मिळून १९२१ च्या जुलैत मुंबईत केलं, टिळक स्वराज्य फंडासाठी. त्यानंतर तीन महिन्यांत केशवराव गेले. वय अवघं एकतीस.

केशवरावांचं नाव निघालं की त्यांच्या नावाचं नाट्यगृह आठवतंच. पाचवीत असताना तुम्ही मला तिथं नेलं होतं आणि शेवटच्या रांगेत खांद्यावर घेऊन उभे राहिला होता. शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५ सालचं ते पॅलेस थिएटर. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. मी सकाळी गेलो तेव्हा खासबागेच्या बाजूला लोक नुसते उभे होते, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. ओल्या राखेचा वास कपड्यांना दोन दिवस राहिला. तुम्हाला फोनवर सांगितलं तेव्हा ते तुम्हाला एकदा सांगूनच ऐकू आलं, परत विचारलं नाहीत.

नाटकाचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात माझं काम थोडं आहे. पोरांनी स्वतः लिहिलेलं दोन अंकी नाटक आहे, ऊसतोडीच्या टोळीतल्या एका बाईचं. मी विंगेत बसून दिवा बघून वाजवतो. दुसऱ्या अंकात बाई फडात एकटीच कोयता चालवते, तिथं मी काही वाजवत नाही. दिग्दर्शकाला आधी तिथं ढोलकी हवी होती. मी म्हटलं, नको, कोयत्याचाच आवाज राहू दे. त्यानं ऐकलं. आई, ते तुला आवडेल. टोळीवाल्यांच्या बायकांना तू भाकरी द्यायचीस ते मी त्या पोरांना सांगितलंय.

आता नाच, आणि या पत्राचं खरं कारण.

तिसऱ्या संध्याकाळी कथक आहे. त्यातला एक भाग धमार तालात बसवलाय, चौदा मात्रांचा, क धि ट धि ट धा. तबल्यावर तो वाजतो, पण त्याचं घर पखवाजावर. म्हणून संक्रांतीला आलो तेव्हा तुमचा पखवाज मागून घेतला. "घे की, वाजव," एवढंच म्हणालात आणि गोठ्याकडं गेलात.

इथं येऊन खोळ काढली. डाव्या तोंडावर खर्जासाठी लावतात त्या कणकेचा वाळलेला पापुद्रा तसाच चिकटलेला होता, भेगाळलेला, मधे तुमच्या तळहाताचा खळगा उमटलेला. आण्णा, भजन संपलं की रात्री कितीही उशीर होवो, तुम्ही कणीक खरवडून, फडक्यानं पुसून मगच पखवाज खुंटीला लावायचात. चाळीस वर्षांत तुम्ही तो तसाच ठेवलेला मी पाहिला नाही. दोन वर्षांपूर्वीच्या त्या एकादशीला भजनातनं मधेच उठून तुम्ही घरी कसे आला असाल, ते मला तो पापुद्रा बघून कळलं. आम्ही कुणी त्या वेळी विचारलंसुद्धा नाही. ती चूक माझी आहे.

मी तो लगेच खरवडला नाही. एक दिवस तसाच ठेवला. मग कोमट पाण्याचं फडकं ठेवून हळूहळू काढला.

वादी आवळून घेतली, गठ्ठे ठोकले, सूर लागला. पण कणकेनं दगा दिला. कँटीनमधनं चपातीची कणीक आणली होती. तालमीत दिव्यांचा झोत अंगावर, दहा मिनिटांत कणीक कडेनं सुकली, आवाज चढत गेला आणि ऐन परणीत, पखवाजाच्या बोलांच्या लांब बांधणीत, एक ढलपा निघून माझ्या मांडीवर पडला. खर्ज गेला. नाचणारी मुलगी तशीच समेपर्यंत गेली, पण तिचा चेहरा उतरला. घरी आल्यावर आठवलं, आई, तू कणीक चपातीच्यापेक्षा सैल मळायचीस, हाताला तेल न लावता, आणि वर ओलं फडकं टाकून द्यायचीस. आण्णा पाण्याचा तांब्या शेजारी ठेवायचे. हे मी रोज बघत होतो आणि शिकलो मात्र नाही.

आता आण्णांच्या कानाचं. दिवाळीत कानाच्या डॉक्टरांनी आलेख काढून दाखवला होता, तुम्ही तिकडं बघितलं नाहीत. वय झालं की आधी बारीक, चढे आवाज जातात. खर्जातले बऱ्याचदा मागं राहतात. म्हणून नातीचं बोलणं तुम्हाला कळत नाही, कुकरची शिट्टी कळत नाही, पण गल्लीच्या तोंडाला ट्रॅक्टर वळला की तुम्ही मान वर करता. मी घरी आलो की तेवढंच बघत असतो.

मंगळवारी तालीम संपल्यावर मी दोन्ही कानांत कापसाचे बोळे घट्ट बसवले, माझ्या जागी एका विद्यार्थ्याला बसवलं आणि विंगेत जाऊन पाय सोडून, तळवे लाकडी फळ्यांना टेकवून बसलो. तबल्याचा 'ना' गेला. घुंगरांची किणकिण जवळजवळ गेली. गाण्याचे शब्द तर साफच गेले. पण डग्ग्याचा 'घे' आला, आणि पखवाजाचा 'धा' छातीपाशी आला. मुलीनं तत्कार, म्हणजे पायांचे बोल, सुरू केला तेव्हा तिचा एकेक पाय माझ्या तळव्याला कळत होता. तिनं तिहाई घेतली, तोच तुकडा तीनदा घेऊन समेवर आली, मी मान हलवली, आणि समेलाच हलली. दोनदा करून बघितलं. दोन्ही वेळा चुकलो नाही.

आण्णा, म्हणून मी म्हणतोय की या. पुढच्या रांगेत खुर्चीवर नका बसू, तिथं तुमच्यापर्यंत स्पीकरचा गोंगाट तेवढा पोचेल. कानाचं यंत्रही नका घालू, ते शिट्टी मारतं आणि तुम्ही वैतागता. माझ्या डाव्या हाताला विंगेत चटई टाकून ठेवतो. चप्पल काढून बसा. मी विभागात विचारून ठेवलंय, सगळ्यांनी हो म्हटलंय. नाचणाऱ्या मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, आजोबा बसणार असतील तर मी त्यांना नमस्कार करूनच स्टेजवर जाईन. डग्गा उतरला, पखवाज चढला, तर तिथंच मला खुणावा. मला दुसरं कुणी सांगत नाही आता. या वयात सगळे "छान झालं सर" म्हणतात.

ऊस तुटून गेला असेल तर चार दिवस आधीच या. म्हशीचं दूध डेअरीला घालायला काकूंना सांग, आई, मी त्यांना फोन करतोच. सकाळच्या एसटीनं निघा, दुपारच्या उन्हात नको. स्टँडवर मी असेन. आण्णांच्या गुडघ्यांसाठी रिक्षा सभागृहाच्या मागच्या दारापर्यंत जाते, पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. तुमच्या सुनेनं तुमची खोली लावून ठेवलीय. सकाळी विद्यापीठात फिरायला नेईन, झाडीत मोर असतात, नात तुला दाखवायला टपलीय.

पीठ मात्र आपल्या घरचंच आण, आपल्या गिरणीवर दळलेलं. शेरभर पुरे. कणीक इथं येऊन तू स्वतः मळ, कार्यक्रमाच्या तासभर आधी, आणि डाव्या तोंडाला आण्णांनीच लावावी. किती लावायची ते मी विचारणार नाही, त्यांचा हात थांबेल तिथं मी थांबेन.

तुमचा,
बाळू