मानमोडीच्या साली जन्मलेली पणजी

संपादक साहेब, स.न.वि.वि.

दुष्काळावर तुमच्याकडे बरंच छापून येतं, म्हणून माझ्या पणजीबद्दल लिहावंसं वाटलं. माण तालुक्यातली. जन्मतारीख विचारली की म्हणायची "मानमोडीच्या साली", म्हणजे १९१८ ची फ्लूची साथ, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. रेशनकार्डावर मात्र कुणीतरी अंदाजे १९२५ ठोकलेलं, आणि घरात सगळे तेच खरं धरून बसलेत!

लग्न अकराव्या वर्षी, तेही घाईघाईत, कारण १ एप्रिल १९३० पासून शारदा कायदा लागू होणार होता आणि मग चौदाच्या आत पोरीचं लग्न लावता येणार नव्हतं, तेव्हा अशी कितीतरी लग्नं आधीच उरकून घेतली लोकांनी. कायदा पोरींसाठी आणि घाई झाली ती पण पोरींचीच, काय बोलणार.

७२ च्या दुष्काळात ती चोपन्न वर्षांची, रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. हातोडी अंगठ्यावर बसली ती बसलीच, नख शेवटपर्यंत काळं आणि वाकडं होतं, मी लहानपणी ते धरून बसायचो. मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, लाल भाकरी घशाखाली उतरायची नाही म्हणायची, सुकडी, म्हणजे कामावर मिळणारा कोरडा पौष्टिक खाऊ, मात्र पदरात बांधून पोरांसाठी घरी आणायची. पुढे १९७७ ला रोजगार हमीचा कायदा झाला, त्यावर नेत्यांची नावं येतात, खडी फोडणाऱ्या बायांची कुठं येतात? तुमच्या पुरवणीत अशा बायांसाठी एक कॉलम सुरू करा ना, पहिला मजकूर मी पाठवतो.

– एक वाचक, सातारा