हवा काढायचे पैसे घेत नाही

काका, नमस्कार.

हे पत्र खरं तर तुमच्या हातात द्यायचं होतं. पण दिवाळीनंतर एका सकाळी आले, तर तुमची जागाच सपाट झालेली. नाशकात सिंहस्थाच्या आधी रस्ते मोठे करायची कामं निघालीत, त्यात तुमची टपरी, पंक्चर शोधायचं घमेलं, तो खोकणारा कॉम्प्रेसर, सगळं गेलं. कडुलिंब शिल्लक आहे, आणि तुम्ही जुन्या ट्यूबा अडकवायचात तो खिळा. समोरचा चहावाला म्हणाला, काका गावी गेले. गेटवरचा वॉचमन म्हणाला, छे, अंबडला एक्स्लो पॉइंटकडे बसतात. दोन सुट्ट्या मी तिकडे घालवल्या. पंक्चरवाले भरपूर सापडले, तुम्ही नाही. आणि विचारायचं तरी काय नाव सांगून? आम्ही सगळेच तुम्हाला नुसतं काका म्हणायचो.

म्हणून हे असं चारचौघांत लिहिते आहे. सातपूरला पहिल्या पाळीला जाणाऱ्या कुणी तरी वाचेल आणि तुमच्यापर्यंत पोचवेल.

मी कोण ते सांगते. फिकट निळी लेडीज सायकल, पुढे तारेची बास्केट. रोज पावणेसातला तुमच्यासमोरून हात करून जाणारी. तीन हिवाळ्यांपूर्वी जानेवारीत तुमच्या टपरीपासून वीस पावलांवर पडली होती, ती.

मी पंचवटीत राहते, हिरावाडीला. कंपनी सातपूर एमआयडीसीत, पाळी सातची, अंतर नऊ-दहा किलोमीटर. सकाळी सहाला शेअर रिक्षा मिळाली तर मिळाली, आणि घरातली एकुलती एक गाडी मिस्टरांच्या रात्रपाळीवर अडकलेली. म्हणून सायकल. आठ महिने काही वाटत नाही. डिसेंबर-जानेवारीत मात्र सात वाजेपर्यंत उजाडतच नाही आणि होळकर पुलावर आलं की गार हवा नाकातून थेट डोक्यात जाते. रात्रभर आभाळ निरभ्र असलं की जमीन निवते आणि जड गार हवा उतरून नदीपात्रात बसते, हे शाळेत शिकले होते. पण पुलाच्या अलीकडे बोटं हलत होती आणि पलीकडे हलत नाहीत, हे सायकलवर कळलं. खाली गोदावरीच्या पाण्यातून वाफ निघत असते. रामकुंडावर त्याही वेळी लोक बुड्या मारत असतात. त्यांना मनातल्या मनात हात जोडायचे आणि पुढे रविवार कारंजा गाठायचा.

त्या दिवशी उशीर झाला होता. तुमच्या अलीकडच्या वळणावर गतिरोधक, त्याच्यावर पांढरे-पिवळे जाड पट्टे. वळतानाच मी दोन्ही ब्रेक कचकन दाबले. आधी ब्रेक लागलाच नाही, मग एकदम लागला, आणि पुढचं चाक माझ्या खालून निघून गेलं. डबा एकीकडे, मी एकीकडे. गुडघा सोलला, तळहातात खडी गेली. दोन मोटारसायकलवाले वळून बघून गेले. तेही पाळीचेच, त्यांचं तरी काय चुकलं!

तुम्ही शेकोटीजवळून उठून आलात ते आधी सायकलकडे गेलात, हे मला तेव्हा लागलं होतं. आज पटतं. वाकलेलं माणूस आपोआप सरळ होतं, सायकल नाही. पुढचं चाक दोन्ही गुडघ्यांत धरून तुम्ही एका झटक्यात हँडल सरळ केलंत, चेन बसवलीत, आणि मग पॅलेटच्या फळ्यांच्या त्या शेकोटीजवळ मला खोक्यावर बसवलंत. हळद नाही, मलम नाही. चहा आणि एक प्रश्न : "रिमला हात लावून बघा."

मी लावला. क्रोमची ती चकचकीत रिम ओलीचिंब होती, नुकतं विसळलेलं स्टीलचं ताट असावं तशी. बोट टेकताच घसरलं. तुम्ही म्हणालात, पाऊस दिसतो म्हणून माणूस जपून चालवतो, दव दिसत नाही. ओल्या लोखंडी रिमवर ब्रेकचं रबर आधी नुसतं पोहतं, पाणी पुसलं गेलं की एकदम धरतं. खाली रंगाचा पट्टा, त्यावरही दव, आणि इथून रोज जाणारे भंगारचे टेम्पो, त्यातल्या लेथवरच्या लोखंडी किसातून निथळणारं कूलंटचं तेलकट पाणी. "मग तो रस्ता नाही राहत, ताई. तवा होतो."

मी सांगितलं, माझं माहेर निफाड तालुक्यातलं, वडलांची द्राक्षाची बाग आहे. तुम्ही हसलात. "मग दव मी तुम्हाला काय शिकवायचं?"

ते हसणं मला गुडघ्यापेक्षा जास्त झोंबलं, काका. कारण खरंच होतं. आमच्या घरात दवाची मोजदाद पैशांसारखी होते. दव पडलं की डावणीची, म्हणजे बुरशीच्या रोगाची धास्ती. पारा उतरला की मण्यात साखर भरायची थांबते, पाणी उतरलेले, पिकू लागलेले मणी तडकतात. तसली थंडी आली की वडील पहाटे तीनला ड्रिप सुरू करतात, कारण विहिरीचं पाणी हवेपेक्षा ऊबदार असतं. बागेच्या कडेनं ओल्या काडाच्या शेकोट्या पेटवायच्या, म्हणजे धूर खाली धरून राहतो. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस निफाडला पारा २ अंशांच्या खाली गेला होता. तेव्हा मी माहेरीच होते. पहाटे बॅटरी घेऊन बांधावर गेले तर गवताच्या पात्यांवर पांढरा कडक थर. पातं चिमटीत धरलं तर कुरकुरलं. बर्फ मी आयुष्यात पाहिलाय तो एवढाच. आणि इतकं सगळं पाहिलेल्या मला, तेच दव आपल्या सायकलच्या रिमवर बसतं, हे तुम्ही सांगेपर्यंत सुचलं नव्हतं.

मग तुम्ही पाना घेतलात. सीट इंचभर खाली केलीत, तळपाय जमिनीला सपाट टेकेल एवढी. मी म्हटलं, उंची कमी झाली की गुडघे दुखतात. तर म्हणालात, फेब्रुवारीत परत वर करून देतो. (दिलीत. दरवर्षी.) टायर अंगठ्यानं दाबून बघितलात आणि व्हॉल्व्हचा नट सैल करून फुस्सकन हवा सोडलीत. मी ओरडलेच. हवा टाइट असावी एवढंच मला माहीत. तुम्ही टायर जमिनीवर दाबून दाखवलंत : टाइट टायर रस्त्याला बोटभर टेकतो, जरा सैल केला की दोन बोटं. पण फार सोडाल तर खड्ड्यात ट्यूब चावली जाईल, तेव्हा एवढीच. ब्रेकचं शेवटी. रस्ता सरळ आहे तोवर ब्रेक अधूनमधून नुसता टेकवायचा, म्हणजे रिम पुसली जाते. वळणाच्या आधी वेग मारायचा. वळणात ब्रेक नाही, आणि पुढचा तर अजिबात नाही.

शेवटी चहाच्या ग्लासाखालचा कालचा पेपर काढून तुम्ही माझ्या हातात दिलात. स्वेटरच्या आत, छातीवर पसरून ठेवा, वारा आत येत नाही. एवढं बोलून तुम्ही पाठ केलीत आणि माझं होईस्तोवर रस्त्याकडे बघत कॉम्प्रेसरच्या पाइपची गुंडाळी करत राहिलात. ती गुंडाळी आधीच झालेली होती, मी पाहिलं होतं. ते पाठ फिरवणं मी विसरलेले नाही.

दिवसभर माझ्या छातीवर लासलगावचे कांद्याचे भाव होते. दुपारी काढला तेव्हा पेपर घामानं दमट, आणि आतला सुती ड्रेस कोरडा.

वीस रुपये पुढे केले तेव्हा म्हणालात, "हवा काढायचे पैसे घेत नाही." हँडलचे? "ते तर मीच वाकडं समजलो होतो." हा विनोद मला कंपनीच्या गेटवर पोचल्यावर कळला. गेटवर लेटमार्क लागला, तो विषय सोडा.

आता एक गंमत सांगायची आहे. माझा भाचा फिनलंडला असतो, ओउलू नावाच्या गावात. तिकडे उणे वीसमध्ये लोक सायकलनं कामाला जातात, पोरं शाळेत जातात. २०१३ साली हिवाळी सायकलिंगची जगातली पहिली परिषद त्याच गावात भरली होती. त्याच्या सायकलच्या टायरला बारीक खिळे आहेत, टोकाला कार्बाइड. म्हणजे आमच्या लेथच्या इन्सर्टला, धातू कापणाऱ्या टोकाला असतं तेच. सकाळी लोक निघायच्या आत सायकलच्या वाटेवरचा बर्फ मशिनं लोटून टाकतात. त्याला मी नाशिकच्या थंडीचं सांगितलं की तो खो-खो हसतो. "मावशी, दहा अंशांना आम्ही आइस्क्रीम खातो."

त्याला मी तुमचे सगळे सल्ले लिहून पाठवले. दोन दिवस उत्तर नाही. मग फोन आला. पहिल्या वर्षी तो आपटला, तेव्हा तिथल्या एका आजोबांनी त्याला हेच सांगितलं होतं : सीट खाली घे, हवा थोडी कमी कर, वळणात ब्रेकला हात लावू नकोस. आणि त्यानं आणखी एक सांगितलं, ते तुम्हाला आवडेल. कडक थंडीतला कोरडा बर्फ त्यामानानं बरा, टायर धरतो. खरा घात शून्याच्या आसपास होतो, बर्फावर पाण्याचा पातळ पापुद्रा असतो तेव्हा, आणि तो डांबरावर दिसतसुद्धा नाही. मी म्हटलं, आमचे काका याला दव म्हणतात.

खिळ्यांचे टायर तेवढे तुम्हाला दाखवायचे राहिले. तुम्ही नक्की म्हणाला असतात की चाकात खिळे शिरू नयेत म्हणून आम्ही जन्म घालवला, आणि हे विकत घेतात.

तीन हिवाळे मी पडले नाही, काका. तुम्ही न सांगितलेलं एक माझं मी शिकले : निघताना थोडं कुडकुडलं पाहिजे. घरातूनच ऊबदार निघालं की त्र्यंबक नाक्याला घाम येतो आणि तोच घाम पुढे गार पडतो. आता मफलर बास्केटमध्ये टाकून निघते आणि पुलाच्या तोंडाशी बांधते. आमच्या लाइनवर यंदा दोन नव्या मुली लागल्यात, श्रमिकनगरहून सायकलनं येतात. त्यांच्या सीटा मीच खाली केल्या. पेपर दिला तेव्हा एक लाजली, म्हणून मीही पाठ करून उभी राहिले.

रोज हात केला, पण आभार म्हणून कधी बोलले नाही. सकाळी पावणेसातला थांबून आभार मानायला वेळ कुणाला असतो! तुम्हीही पाना वर करायचात, तेवढ्यात मी पुढे गेलेली असायचे. ते आज मानते. मनापासून.

आणि जाता जाता, गेल्या आठवड्यापासून मागचं फ्रीव्हील त्रास देतंय. पहाटे घरून निघताना पेडल दोन-तीन वेळा फुकट फिरतं, अशोक स्तंभापर्यंत ठीक होतं, दुपारी परतताना तर काहीच नाही. मला वाटतं आतलं ग्रीस थंडीनं घट्ट होऊन कुत्री, म्हणजे दात्यांत बसणारे आतले खटके, अडकत असावीत. रॉकेलनं धुऊन पातळ तेल सोडू, की बदलायलाच झालंय? घराजवळचा म्हणतो, बदला. तुम्हाला विचारल्याशिवाय मी ते उघडू दिलेलं नाही.

तुमची,
निळ्या सायकलवाली ताई