पारा चढला की डास मरतात?

संपादक महोदय,

कडक उन्हाळ्यात 'यंदा डास कमी' असा दिलासा बातम्यांतून दिला जातो. त्यात एक गोष्ट सुटते. रोग पसरायला डासांची नुसती संख्या पुरत नाही, मादी पुरेसे दिवस जगावी लागते.

मलेरियाच्या रुग्णाला चावलेली मादी लगेच रोग देत नाही. परजीवी तिच्या पोटात वाढून लाळग्रंथीत पोचावा लागतो. फाल्सिपेरम जातीच्या परजीवीला त्यासाठी २० अंश सेल्सिअसला सुमारे २८ दिवस लागतात, २५ अंशांना साधारण १२. १६ अंशांखाली वाढ जवळपास थांबते. समजा, रोज शंभरातल्या दहा माद्या मरतात. मग २८ दिवसांनी पाचच उरतील, १२ दिवसांनी मात्र २८. पारा ३२ वर गेला तर परजीवी आठवड्यात तयार होईल. पण त्या उकाड्यात रोज शंभरात तीस मरू लागल्या, तर सात दिवसांनी आठच शिल्लक. म्हणूनच मलेरियाच्या फैलावाला २५ अंशांच्या आसपासची हवा सर्वांत मानवते. डेंगी पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासाला मात्र २९ अंश पोषक असतात, तेव्हा एकच आकडा दोन्ही रोगांना लावू नये.

शिवाय हे अंश डास बसतो तिथले. वेधशाळा ४२ सांगत असते, तेव्हा एडिस पलंगाखाली, पडद्यामागे, कपाटातल्या कपड्यांत बसलेला असतो. तिथली हवा कितीतरी थंड. कूलर असेल तर दमटपणाही मिळतो, आणि टाकीत अंडी घालायची सोयही! कोरड्या हवेत डास सुकून मरतो, उन्हाळ्यात आपणच त्याला त्यातून वाचवतो.

'आठवड्यातून एक कोरडा दिवस', म्हणजे त्या दिवशी साठवलेले सगळे पाणी ओतून भांडी कोरडी करायची, हा नियम चांगला, पण उन्हाळ्यात अपुरा. पाणी ३० अंशांच्या आसपास असेल तर अंड्यापासून डास व्हायला सात-आठ दिवस पुरतात. एक वार हुकला की अख्खी पिढी उडून जाते. तेव्हा दर पाच दिवसांनी पाणी ओतावे, तेही गटारात नव्हे, कोरड्या जमिनीवर. पिंप नुसते उपडे करून भागत नाही. पाण्याच्या रेषेच्या जरा वर, आतल्या कडेला, बारीक काळी अंडी चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्महिने तग धरतात. ताठ ब्रशने घासल्याशिवाय ती सुटत नाहीत.

धूरफवारणीचेही तेच. भर दुपारी तापलेल्या जमिनीवरून हवा वर उठते आणि धूर तिच्याबरोबर छपरांच्याही वर जातो. छायाचित्राला दुपार सोयीची असेल, डास मारायला नाही. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, वारा पडलेला असताना, घरांची दारे-खिडक्या उघडी ठेवून फवारणी झाली तरच काही उपयोग.

आपल्याला एकच विनंती. तापमानाच्या बातमीत कमाल आकड्याशेजारी किमान तापमान आणि आर्द्रताही रोज छापावी. डासांच्या आयुष्याचा अंदाज त्यांवरून अधिक नीट बांधता येतो.

आपला,
कीटकजन्य रोगांचा एक अभ्यासक